अण्णांना पेलेल असा रॉड: आक्सा, मनोरी आणि मढचा किनारा

उरलेली सुट्टी घेतली नाही तर वाया जाईल, असा ऑफिसातून मेल आला म्हणून मी ती टाकली. कुठे जायचा उत्साह म्हणाल तर अजिबात नव्हता. या ब्लॉगचे जुने वाचक असाल तर तुम्हाला आठवत असेल, पूर्वी आम्ही तिघं हिंडायचो: मी, माझी बायको सुजाता आणि मुलगी ईरा. सुजाता आजारपणात गेली त्याला आता चौथं वर्ष. तेव्हापासून मुलुंडचं घर, अंधेरीचं ऑफिस आणि दोघांना जोडणारा तो लिंक रोड, एवढाच माझा प्रवास. पवईच्या सिग्नलला गाडी बंद करून डोळे मिटतो. मागच्याने हॉर्न दिला की उघडतो. यावर पोस्ट काय लिहिणार?

तरीही या वेळी निघालो, कारण मला एका माणसाला काहीतरी सांगायचं होतं आणि ते घरात बसून सांगता येत नव्हतं. तो माणूस म्हणजे अण्णा, सुजाताचे वडील. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, बरीच वर्षं एका छापखान्यात काढलेली, आता माईंबरोबर, म्हणजे माझ्या सासूबाईंबरोबर, बोरिवलीला राहतात. आणि सांगायचं होतं ते असं की मी पुन्हा लग्न करतोय. वैशाली घाटकोपरला एका शाळेत शिकवते. ईराला माहीत होतं. ती फार खूश नव्हती, पण नाहीही म्हणाली नव्हती. अण्णा-माईंना मात्र काहीच माहीत नव्हतं. दोनदा बोरिवलीला गेलो. त्यांच्या सोफ्यावर बसलं की समोर सुजाताचा फोटो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

अण्णा एके काळी गोराईच्या खाडीवर तासन्‌तास गळ टाकून बसायचे. हातात नुसती दोरी, काठी नाही. पुढे उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला, दोरी चिमटीत धरवेना, आणि ते बंद झालं. माझ्या ऑफिसातला एक जण सुट्टीच्या दिवशी खडकांवरून ल्युअर फिशिंग करतो. म्हणजे गळाला कोळंबी लावून वाट बघत बसायचं नाही, तर प्लास्टिकचा किंवा रबरी खोटा मासा लांब फेकायचा आणि तो जिवंत वाटेल असा ओढत आणायचा. त्याचा व्हिडिओ मी अण्णांना पाठवला आणि फोन करून विचारलं, येताय का, तीन दिवस आहेत माझ्याकडे. ते इतक्या पटकन हो म्हणाले की मलाच अपराधी वाटलं.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांना बोरिवलीहून उचललं आणि अंधेरी पश्चिमेला एका जुन्या शॉपिंग सेंटरमधल्या मासेमारीच्या दुकानात गेलो. गाडी लावायला जागा मिळेपर्यंतच मी थकलो होतो. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना रॉड उभे, आणि काउंटरवर रंगीत माशांचे ढीग. दुकानदाराने आधी दहा फुटी रॉड काढून दिला. म्हणाला, किनाऱ्यावरून टाकायचं तर लांबच हवा, लाटेच्या पलीकडे जायला. अण्णांनी तो हातात धरला आणि टोक हळूहळू फरशीकडे झुकत गेलं. दुसऱ्या हाताने त्यांनी मनगट धरलेलं मला दिसलं.

कुणी वयस्कर माणसासाठी किंवा हात दुखणाऱ्यासाठी सामान घेणार असेल, त्याच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहितो. बाकीच्यांनी पुढे गेलं तरी चालेल. या प्रकारात रॉड खाली ठेवता येत नाही. दुपारभर फेकायचं, ओढायचं, पुन्हा फेकायचं. म्हणून दुकानात हलका वाटणारा रॉडसुद्धा तासाभराने जड होतो. आम्ही आठ फुटी, दोन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा रॉड घेतला. त्यावर लिहिलेलं असतं की किती वजनाचा ल्युअर त्याने फेकावा. पंधरा ते चाळीस ग्रॅमचा मुंबईच्या खडकांना पुरतो. मूठ मात्र मागे लांब असलेली बघितली, म्हणजे दोन्ही हातांनी फेकता येतं आणि जोर अंगठ्यावर न येता कोपरावर येतो.

रीळ घेताना माझ्या डोक्यात आलंच नसतं ते अण्णांनी विचारलं. रिळाचा दांडा फिरवायला चपटी पाकळीसारखी मूठ होती, ती चिमटीत धरावी लागते. गोल मूठ मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मिळाली, लिंबाएवढी, अख्ख्या पंजात मावणारी. आणि दांडा डावीकडून काढून उजवीकडे लावता येतो, हेही तिथेच कळलं. म्हणजे रॉड डाव्या हातात आणि उजव्या पंजाने नुसतं फिरवायचं. मधल्या आकाराचं रीळ घ्या, आणि ते खाऱ्या पाण्यासाठी आहे का ते विचारा, नाहीतर गंजून दोन महिन्यांत वाट लागते.

दोरीवरून थोडी गंमत झाली. दुकानदार सारखा ब्रेड म्हणत होता. अण्णांनी मला हळूच विचारलं की अजून माशाला पाव लावतात का. ब्रेड म्हणजे अनेक धाग्यांची विणलेली बारीक दोरी. बारीक असल्यामुळे ती लांब जाते, पण खडकावर घासली की तुटते. म्हणून पुढच्या टोकाला हातभर किंवा थोडी जास्तच जाड नायलॉन दोरी बांधायची, तिला लीडर म्हणतात.

आणि ल्युअर. इथे माणूस खेळण्याच्या दुकानात आल्यासारखा वागतो. मी आठ-दहा उचलले होते, अण्णांनी त्यातले बहुतेक परत ठेवले. आपल्याकडचं पाणी गढूळ, माशाला दिसायच्या आधी काहीतरी जाणवायला हवं. म्हणून शेपटी थरथरणारे रबरी मासे घेतले, एक पांढरा आणि एक भडक पोपटी, ज्यांच्या तोंडात शिशाचं डोकं असलेला गळ बसतो. खडकाळ जागेसाठी एक तरंगणारा लाकडी दिसणारा मासा, ओढला की थोडाच खाली जाणारा. वारा असेल तेव्हा लांब जायला चमच्याच्या आकाराचा एक चकचकीत पत्र्याचा ल्युअर, त्याला चमचाच म्हणतात. बस. रॉड, रीळ, दोरी मिळून सात-आठ हजारांत झालं. ल्युअर धरून थोडं वर. यापेक्षा स्वस्तातही होतं, पण रिळात काटकसर करू नका.

दुपारी मालाडची गर्दी तुडवत आक्साला पोचलो. आक्साच्या पाण्यात उतरू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लोक उतरतात. आम्ही बाजूला, जिथे वाळू मोकळी होती, तिथे फेकायचा सराव केला. वाळूवर चुकलं तर ल्युअर जात नाही, म्हणून पहिला दिवस वाळूवरच घालवा. अण्णांच्या सुरुवातीच्या फेकी पायाशी पडल्या. एक मागे गेली आणि तिथे कुणी नव्हतं हे आमचं नशीब. मी व्हिडिओत बघितलेलं सांगत होतो, ते ऐकून घेत होते. मग त्यांनी मला थोडं लांब जायला सांगितलं. बरं वाटलं, कारण माझे पाय दुखत होते. वाळूत बसून मी नुसता बघत राहिलो. ऊन कलल्यावर केव्हातरी त्यांचा चमचा लाटेच्या पलीकडे जाऊन पडला. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. बऱ्याच काळाने मी त्यांना हसताना बघत होतो, आणि त्या हसण्यासमोर मला काही सांगता आलं नाही.

रात्री मुलुंडला पोचल्यावर वैशालीचा फोन आला. सांगितलंस का, तिने विचारलं. उद्या, मी म्हटलं. ती म्हणाली की घाई माझी नाही, पण तुला हे असं मनात वागवत फिरताना बघवत नाही. खरं होतं. त्या महिन्यात माझी झोप गेली होती.

दुसऱ्या दिवशी मनोरी. मनोरीला गाडीने वळसा घालून जाता येतं, पण भाईंदरकडून फार लांब पडतं. त्यापेक्षा मार्वेच्या धक्क्यावर गाडी लावून फेरीबोट पकडा. तिकीट वडापावच्या किमतीच्या आसपास आणि पाच-दहा मिनिटांत पलीकडे. बोटीत भाजीच्या पिशव्या, शाळेची मुलं, एक फ्रिजचं खोकं आणि आमचा रॉड. एका कोळीणबाईंनी अण्णांना काय धरणार म्हणून विचारलं. चोणक, अण्णा म्हणाले. बाईंना कळेना. मग मी जिताडा म्हटलं, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की तो काय असा रबराला फसतो होय. चोणक आणि जिताडा एकच. वेंगुर्ल्यात एक नाव, इथे दुसरं.

धक्क्यावरून रिक्षा करून किनाऱ्यापर्यंत गेलो. वाटेत बोंबील वाळत घातलेल्या दांड्या, जुने क्रूस, दारात झोपलेली कुत्री. एका घरगुती खानावळीत जेवलो: तळलेले बोंबील, सुक्या जवळ्याची चटणी आणि भात. अण्णांनी पोटभर खाल्लं. माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यांनी विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, झोप झाली नाही.

तिथी अष्टमी होती. अण्णांचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरणार. उधाणाचे दिवस नसल्यामुळे पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ होतं. चढत्या पाण्यात मासा खडकांच्या कडेला येतो, ती वेळ चांगली. पण खडकांवर जाणार असाल तर एक पक्कं लक्षात ठेवा: पाणी मागून येतं. पुढे बघत बसलात तर परतीची वाट भिजलेली असते. पायात रबरी तळाचे, घट्ट बूट हवेत, चपला नकोत. आणि पावसाळ्यात या खडकांवर जाऊच नका.

आम्ही एका सपाट खडकावर उभे राहिलो. अण्णांनी लाकडी दिसणारा मासा लावला. फेकायचा, दोन वेढे ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. कुठलाही मासा लागत नव्हता, पण त्यांना लय सापडली होती. मी त्यांच्या मागे, थोडा वरच्या खडकावर बसलो होतो. त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

“अण्णा, मी लग्न करतोय,” मी म्हटलं. “तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. धीर होत नव्हता.”

ते ओढत राहिले. मी वैशालीबद्दल सांगितलं, कुठे भेटलो, काय करते, ईराला काय वाटतं. लग्न नोंदणी कार्यालयात, अगदी साधं होणार हेही सांगितलं. त्यांना ऐकू जातंय की नाही हेच कळत नव्हतं. लाकडी मासा ओढत हातात आला. त्यांनी तो पुन्हा फेकला, आधीपेक्षा जोरात आणि वाकडा, आणि तो डावीकडच्या खडकांमध्ये जाऊन अडकला. त्यांनी रॉड वर केला, सुटला नाही. मग त्यांनी रॉड काखेत धरला, दोरी हाताला गुंडाळली आणि ओढली.

असं कधीही करू नका. ब्रेड चाकूसारखी कापते. काठीला गुंडाळा, टॉवेलला गुंडाळा, पण हाताला नाही. दोरी तटकन तुटली आणि अण्णांच्या करंगळीखालून रक्त यायला लागलं. मी खाली उतरलो, पाण्याच्या बाटलीने हात धुतला, रुमाल बांधला. त्यांनी बांधू दिला. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि ते समुद्राकडे बघत होते. मग म्हणाले, चला, पाणी चढतंय.

परतीच्या बोटीत ते पुढे जाऊन बसले. मार्वेपासून बोरिवलीपर्यंत गाडीत एक शब्द नाही. मालाडला तासभर अडकलो. रेडिओ लावावा असं वाटलं, पण हात पुढे झाला नाही. त्यांच्या इमारतीखाली ते उतरले, सकाळी माईंनी दिलेला डबा घेतला. रॉड मागच्या सीटवरच राहिला. मी हाक मारली. मागे न बघता ते म्हणाले, “असू दे तुमच्याकडेच.” वरून गॅलरीतून माई हात करत होत्या, वर या म्हणून. मी गाडीतूनच हात हलवला आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी मी जाणार नव्हतो. पण घरात ईरा शाळेला गेल्यावर भिंतींकडे बघत बसणं जास्त कठीण होतं. दुपारी गाडी काढली, पुन्हा तोच लिंक रोड, अंधेरी, मग वर्सोव्याचा धक्का. वर्सोव्याहून मढला फेरीबोट जाते, त्यात दुचाकी चढवता येते, मोटार नाही. म्हणून गाडी अलीकडेच लावली. पलीकडे उतरून किल्ल्याच्या बाजूला रिक्षाने गेलो. तिथे चित्रीकरणाचे बंगले आहेत, मध्येच रस्ता अडवलेला असतो. फार मनावर घेऊ नका, दुसऱ्या बाजूने जा.

मढच्या खडकांवर त्या दिवशी आणखी दोघं-तिघं होते. त्यातल्या एकाने सांगितलं की सकाळपासून काही नाही, नुसतं प्लास्टिक लागतंय. मलाही एक पिशवी लागली. अण्णांसाठी बसवलेल्या गोल मुठीने मी ओढत होतो, सवय नसताना. पोपटी रबरी मासा तळाशी जाऊ द्यायचा, मग दोन उड्या मारायला लावायचा. खांदे भरून आले. मासेमारीचं एक बरं असतं, थकवा हातांत उतरतो आणि डोकं थोडं रिकामं होतं. पण त्या दिवशी तेही होत नव्हतं. मला सारखी त्यांची पाठ दिसत होती.

ऊन उतरता उतरता झटका बसला. रॉड वाकला, रीळ किरकिरलं, आणि मी घाबरून जोरात ओढणार होतो. शेजारचा म्हणाला, थांबा, खेळू द्या त्याला. रिळाचा ताण आधीच सैल ठेवलेला असेल तर मासा दोरी घेतो, दमतो, आणि मग येतो. ताण घरूनच तपासून या, खडकावर हात थरथरतात. हळूहळू आला. एक तांबोशी, हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी, लालसर, रागाने फुललेली. माझा पहिला मासा. मी गळ काढला, तिला पाण्यात धरलं आणि सोडून दिलं. आनंद झाला नाही असं नाही. पण फोटो काढायचा राहून गेला, कारण तो पाठवायचा कुणाला हाच प्रश्न होता.

मी सामान आवरत असताना फोन वाजला. अण्णा. त्यांनी विचारलं, कुठे आहात. मढला, मी म्हटलं. रॉड घेऊन? हो. मग त्यांनी सांगितलं, घरी जाताना बोरिवलीला या. मी बरं म्हटलं. मढहून वर्सोवा, तिथून हायवे, संध्याकाळची गर्दी. एरवी मी शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी मला प्रत्येक सिग्नल हवासा वाटत होता.

ते वर घरात नव्हते. खाली, इमारतीच्या आवारातल्या बाकावर बसले होते, हाताला स्वच्छ पट्टी. मी शेजारी बसलो. त्यांनी आधी विचारलं, काही लागलं का. तांबोशी, सोडून दिली, मी सांगितलं. किती होती, कुठल्या ल्युअरला आली, हेही विचारलं. समोर दोन बायका फेऱ्या मारत होत्या, त्या आमच्या समोरून गेल्या, पुन्हा आल्या.

“मिलिंदराव, लग्नाचा माका वाईट नाय वाटला,” ते म्हणाले. अण्णा माझ्याशी नेहमी मुंबईचं मराठी बोलतात. मालवणी फक्त माईंशी आणि पूर्वी सुजाताशी. “चेडू गेला. आता जावय पण गेलो, असा वाटला माका.”

चेडू म्हणजे लेक, सुजाता.

“मी तुमचो सासरो रवतलंय काय नाय, तेवढा सांगा.”

त्यांचा जावई म्हणून मी राहणार की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. मी हो म्हटलं. आणखी बरंच म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत सुजाताशिवायही मी त्या घरी गेलो होतो, ईराच्या सुट्ट्या तिथे गेल्या होत्या, माझ्या वडिलांशी मी जे बोललो नाही ते यांच्याशी बोललो होतो. पण हो एवढंच निघालं. त्यांनी मान हलवली. पट्टी बांधलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, लगेच काढूनही घेतला.

“तिचा नाव काय?” त्यांनी विचारलं. आदल्या दिवशी खडकावर मी ते सांगितलं होतं. त्यांना तेव्हा काही ऐकूच गेलं नसावं. किंवा पुन्हा ऐकायचं असेल.

“वैशाली.”

“माईक मी सांगतंय. तुमी नुसते बसा.”

वर गेलो. अण्णांनी माईंना सांगितलं, दोन-तीन वाक्यांत. माईंनी ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून नळाचा आवाज येत होता. अण्णा रॉड मांडीवर घेऊन रीळ पुसत बसले. समुद्रावरून आल्यावर सगळं गोड्या पाण्याने पुसायचं असतं, मी ते केलं नव्हतं. माई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी एकच विचारलं, की ईरा इकडे येत राहील ना. मी म्हटलं, येईल. त्या दिवशी मी जेवायला थांबलो नाही आणि त्यांनीही आग्रह केला नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. मुलुंडला पोचून अंथरुणावर पडलो तो सकाळीच उठलो.

या प्रवासाला निघताना काय हवं असं कुणी विचारलं तर मी सांगेन: टोपी, पाणी, घट्ट बूट, गळ काढायला पक्कड, बोटांना पट्ट्या. हिवाळ्यातली अष्टमी-नवमी बघून जा, दुपारनंतर जा. लांब रॉडच्या मोहात पडू नका, जो तुमच्या हाताला पेलतो तोच घ्या. मासा मिळेलच असं नाही. आम्हाला तीन दिवसांत एक मिळाला आणि तोही आता पाण्यात आहे.

बाकी जे राहिलं ते असं. लग्न झालं, मुलुंडला, फाल्गुनात. माई आल्या नाहीत. त्यांना अजून वैशालीला भेटायला जमलेलं नाही आणि आम्ही कुणी त्यांना घाई करत नाही. ईरा दर पंधरा दिवसांनी बोरिवलीला जाऊन राहते. अण्णा मात्र आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, सगळ्यांच्या आधी. साक्षीदार हवे होते. माझा भाऊ, वैशालीची मैत्रीण, आणि तिसरे म्हणून अण्णा स्वतःच पुढे झाले. नोंदणीच्या टेबलामागच्या बाईंनी त्यांना विचारलं, आपण कोण. अण्णा माझ्याकडे हात करून म्हणाले, यांचा सासरा. बाईंनी सही कुठे करायची ते दाखवलं आणि सहज म्हणाल्या, बसा ना मुलीजवळ, उभे का.

अण्णा थबकले. मी काही बोलायच्या आत वैशालीने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. ते बसले.